पडद्यामागचा उजेड

"टिंग!"

पडदा काळाठिक्कर, आणि लॅपटॉपमधून मात्र निरोप आल्याचा आवाज! अबोलीने एक कळ दाबली, दुसरी दाबली, पडदा मागेपुढे हलवून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

"आत्या, हा बंद पडलाय की चालू आहे?"

मालवणच्या समुद्रात, किनाऱ्यापासून बरीच दूर, त्यांची सौरहोडी (उन्हावर चालणारी होडी) डुलत होती. अबोलीचे बाबा छोट्या पाणबुडीतून एकटेच खाली गेले होते, प्रयोगशाळेत वाढवलेली प्रवाळं खडकांवर लावायला. पाण्याखाली रेडिओलहरी फार दूर पोचत नाहीत. म्हणून पाणबुडी ध्वनिलहरींतून (आवाजाच्या लहरींतून) निरोप पाठवायची आणि लॅपटॉप त्यांची अक्षरं करायचा. मघाशी एक लाट होडीत आली, पडद्याच्या कडेवर पाणी उडालं, आणि तेव्हापासून हे असं.

"टिंग!"

अबोलीला एका जागी बसवेना. ती कठड्याशी जाऊन पाण्यात डोकावून आली, पुन्हा लॅपटॉपशी आली, पुन्हा कठड्याशी गेली. बाबा काहीतरी सांगताहेत आणि आपल्याला कळत नाही!

"ताई, होडी खडकाकडे सरकता हा," होडी चालवणारे जानूकाका म्हणाले. "मोटर चालू करूक होयी."

"जरा थांबा, जानूकाका." शुभदाआत्या पडद्यांवरच संशोधन करणारी शास्त्रज्ञ होती. तिने लॅपटॉप केबिनच्या सावलीत नेला आणि फोनच्या टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका टाकला. "बघ आता."

अबोलीने डोळे ताणले. काळ्या काचेत पुसटशी अक्षरं होती!

"म्हणजे निरोप आलाय, पण दिसत नाहीये?"

"बरोब्बर. ही काच स्वतः उजळत नाही, अबोली. तिच्या आत द्रवस्फटिक असतात (द्रवासारखे हलणारे, तरी स्फटिकासारखे एका दिशेने रांग धरणारे रेणू). पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलीशी झडप समज. विजेच्या इशाऱ्याने रेणू वळतात आणि झडप उघडते किंवा मिटते. उजेड येतो तो काचेमागच्या दिव्यांच्या पट्टीतून. पाण्याने तीच विझली. झडपा बिचाऱ्या अजून काम करताहेत."

होडी हलत होती, तसा झोतही हलत होता. एखादं अक्षर दिसायचं, पुढचं बुडायचं. अबोलीने कसंबसं वाचलं, "मोटर… चालू…"

"बघा! साहेबच सांगतत," म्हणत जानूकाका मोटरच्या कळीकडे वळले.

"नको, काका!" अबोली ओरडली. "पुढे अजून अक्षरं आहेत. ती वाचल्याशिवाय नको!"

काका थबकले. पण खडक तर जवळ येत होता. अबोलीने केबिनबाहेर पाहिलं. तिथे डोळे दिपवणारं ऊन पडलं होतं.

"आत्या, मागून उजेडच हवाय ना? मग तो उन्हाचा चालेल?"

आत्याने झटकन खिशातून पेचकस काढला. "एरवी यंत्र आधी बंद करायचं, मगच उघडायचं. आत्ता बंद केलं तर निरोप पुसला जाईल, म्हणून मी उघडते. तू हात लावू नकोस."

तिने चौकट सोडवली, काच अलगद उचलली, मागचं झाकण आणि मेलेली पट्टी बाजूला केली. उजेड सारखा पसरवणारा दुधी कागद तेवढा राहू दिला. काचेला जोडलेली नाजूक तार जपत दोघी बाहेर आल्या आणि आत्याने ती काच आभाळासमोर धरली.

अक्षरं लख्ख उमटली. अबोली मोठ्याने वाचू लागली, "जाळ्यात अडकलो होतो. सुटलो. तुमच्या होडीखालून वर येतोय. मोटर चालू करू नका."

जानूकाकांनी कळीवरचा हात झटकन मागे घेतला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी लांब बांबू उचलला, खडकाला टेकवला आणि सगळा जोर लावून होडी रेटून धरली. अबोलीही बांबूला लोंबकळली. किती वेळ गेला कोण जाणे. मग होडीच्या मागच्या बाजूला, मोटरच्या पात्यांच्या अगदी शेजारी, पाणी फसफसलं आणि पिवळी पाणबुडी वर आली.

झाकण उघडून बाबांनी डोकं बाहेर काढलं. "निरोप मिळाला ना?"

अबोलीने मान हलवली आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मालवणात आत्याने लॅपटॉपला नवी पट्टी बसवली. पडदा उजळला, तरी अबोली काही तिथून हलेना.

"आत्या, दिवसा बाहेरचं ऊन वापरायचं आणि अंधारातच दिवे लावायचे, असा पडदा असला तर वीज किती वाचेल!"

"खूप. तसे प्रयत्न झालेत, पण रंग मनासारखे उमटत नाहीत. फिके पडतात."

"का फिके पडतात?"

आत्याने पेचकस खाली ठेवला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.