झेनातचा पंजा

यम्मानं कणकेचे गोळे उन्हात फुगायला मांडले आणि लेकीचा रस्ता अडवला.

"सगळं पूस. झेनातचा पंजा तेवढा ठेव."

इन्शिराह मान खाली घालून निघाली. कॉलेज शिकून ती जुन्या थडग्यांतल्या भिंती साफ करण्याच्या कामाला लागली होती, आणि नशिबी आलं ते तिचंच घर! लक्सरच्या पश्चिमेला, डोंगरात, त्यांच्या घराची मागची खोली म्हणजे कुणा फेरोकाळच्या सरदाराचं थडगं. तिथंच त्यांची चूल पेटायची. मग गाव उठवलं, घरं पाडली, बुलडोझरखाली झेनातची कबरही गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. चार वर्षांची होऊन तापानं गेलेल्या त्या थोरल्या बहिणीचं आता एवढंच उरलं होतं... निळीत बुडवून भिंतीवर उमटवलेला तळहात.

"तुझ्या यम्माच्या चुलीनं सरदाराचं तोंड काळं केलं, आता तू धुऊन देतेस होय!" दाराशी बसलेला, दाही नावाचा मुकादम हसला. तो त्यांच्याच गावचा.

आत काजळीचा आणि वटवाघळांचा उग्र वास होता. दिव्याच्या उजेडात भिंतीवर हात उंचावून रडणाऱ्या बायकांची रांग दिसत होती. त्यांच्या मधोमध, काजळीवर, तो इवलासा पंजा.

"ही घाण अजून इथंच?" परदेशी प्रोफेसर ऑस्टन मागून म्हणाले. ती दचकली.

"सर, माझ्या बहिणीचा..."

"तीन हजार वर्षांचं चित्र आहे ते. पूस."

तीन हजार वर्षांपूर्वी मेला तो इतिहास, आणि आमचं माणूस मेलं की घाण? तोंडून निघालं ते मात्र, "हो, सर." स्वतःचीच तिला चीड आली. कापसाचा बोळा निळा झाला, मग दुसरा. खाली कोरी भिंत निघाली.

प्रोफेसर गेल्यावर, कधीच विझलेल्या चुलीकडून, अंधारात ताज्या भाकरीचा वास दरवळला.

"पोरी," दाही बाहेरून हलकेच म्हणाला, "रडू नको गं."

"मी कुठं रडतेय, काका?"

दाहीनं आत कान दिला. "मग... आत आणखी कोण आहे?"

ती दिवा तिथंच टाकून पळाली.

दुसऱ्या सकाळी प्रोफेसरांनी रात्री स्वतः लावलेलं कुलूप उघडलं. भिंतीवर, त्याच जागी, निळा पंजा.

"हे तुझंच काम!"

"किल्ली तुमच्या खिशात होती, सर," ती मोठ्यानं म्हणाली.

त्यांनी स्वतः बोळा भिजवून घासला. बोळा पांढराशुभ्रच राहिला. भिंग लावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. शेजारच्या, चित्रातल्या बाईचे रंगवलेले अश्रू त्या निळाईच्या वरून ओघळले होते. पंजा आधीचा होता, अश्रू नंतरचे.

"पुसा ना, सर. घाणच आहे ना?"

ते बोळा टाकून बाहेर पडले.

काल पुसलेला पंजा तिच्या मुठीत मावला असता. तिनं भीतभीत आपला तळहात भिंतीजवळ नेला... आणि गारठली.

भिंतीवरचा हात बाईमाणसाचा होता. तिच्या हाताहून पेरभर मोठा. थोरली बहीण जगली असती तर तिचा असता तेवढा.