उपाशी पिंजरा

दुपारी बाईंनी काचेची बरणी टेबलावर ठेवली. आत एकवीस डास गुणगुणत होते. पोटं रक्तानं टम्म, पंखांवर लाल भुकटी.

"पहाटे माझ्या मच्छरदाणीत सापडले," डासांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. त्यांचे हात गांध्यांनी भरले होते. "कोणीतरी सोडले. लाल भुकटी म्हणजे उपाशी पिंजरा."

प्रयोगात डासांचे दोन पिंजरे होते; ओळखायला एकातल्या डासांवर निळी भुकटी, दुसऱ्यातल्यांवर लाल. दोन्ही पिंजऱ्यांना रोगट रक्त पाजलेलं. निळ्या पिंजऱ्याला शिवाय रोज साखरपाणी, म्हणून ते डास पोटातले रोगजंतू मारून टाकतात. लाल पिंजऱ्याला नुसतं पाणी. त्यांच्या अंगात ते बळच नाही.

"आणि या रोगावर औषध नाही," बाई गांधी खाजवत म्हणाल्या.

तपासाला गुप्तहेर वहिनी आल्या होत्या, बरोबर त्यांचे दीर, भाऊजी. कानाशी काहीतरी गुणगुणलं म्हणून भाऊजींनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

बाईंचा मदतनीस ओठांवर रुमाल धरून आला. रुमालावर लालभडक डाग. "सकाळी हिरड्यांतून रक्त आलं," तो म्हणाला. "तीन वर्षं राबलो, शोधनिबंधावर नाव एकट्या बाईंचं. म्हणून काय जीव घेईन?"

डास पकडायची नळी खुंटीवर लटकत होती. तिच्यातून तोंडानं हवा ओढून डास आत घ्यायचे असतात.

सफाईवाली मावशी दारात उभी होती. "मी फक्त फरशी पुसते हो." तिच्या एप्रनच्या खिशावर दोन मुंग्या फिरत होत्या. लाल पिंजऱ्याच्या पायावरही मुंग्यांची रांग होती.

"हीच!" भाऊजी कुजबुजले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको, भाऊजी." वहिनी मदतनिसाकडे वळल्या. "सकाळचं रक्त दुपारी तपकिरी होतं. तुमचा डाग अजून लालभडक. ती भुकटी आहे, नळी ओढताना ओठांवर आलेली."

मदतनिसानं रुमाल टेबलावर टाकला. "हो, मीच सोडले."

"आणि मावशी, नुसत्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत."

मावशीला रडू फुटलं. "पहिल्या दिवसापासून त्यांच्या पाण्यात साखर घालतेय. उपाशी जीव बघवत नाही हो!"

बाई धडपडत सूक्ष्मदर्शकाकडे गेल्या. बरणीतला एकेक डास कापून काचेखाली ठेवू लागल्या. भाऊजी श्वास रोखून मोजत होते. सात. बारा. एकोणीस. एकविसावा डास बाईंनी दोनदा तपासला.

"एकातही जंतू नाही," बाई हुंदका देत म्हणाल्या. "मावशी, सहा महिन्यांचा प्रयोग मातीत घातलात!"

आणि त्यांनी मावशीला मिठी मारली.