काचेच्या तारेवरचा दाब

चैताली झेरॉक्स काढून वर आली, तेव्हा भर दुपार होती. गंगापूर रोडवर गाड्यांचा नुसता कलकलाट. पण फिजिक्सच्या त्या प्रयोगशाळेचं दार लोटलं, की तो तोंडावर उशी ठेवावी तसा बंद व्हायचा. खिडक्यांच्या काचांना काळा रंग. खोलीच्या मधोमध जाड काळा पडदा. पडद्याआड लेझर, अलीकडे मॉनिटर. वास स्पिरिटचा आणि तापलेल्या धुळीचा.

काम दिसायला साधं होतं. केसाएवढ्या काचेच्या तारेतून लेझरचा प्रकाश जातो आणि मॉनिटरवर एक गोल ठिपका उमटतो. तीच तार खाचांच्या दाबपट्टीखाली नेमकी दाबली, की प्रकाश आतल्या आत आपली चाल बदलतो. एका ठिपक्याचे दोन होतात. चैतालीला सगळाच्या सगळा प्रकाश दोन ठिपक्यांत आणायचा होता. महिना झाला, निम्म्याच्या वर तो सरकत नव्हता. उद्या परीक्षक येणार, आणि आज रीडिंग नाही मिळालं तर प्रकल्प अपुरा. मग बेंगळुरूची संशोधनाची जागाही गेली. सटाण्यात तिच्या वडिलांनी जागा मिळाल्याची बातमी केव्हाच गावभर केली होती.

तिचा जोडीदार योगेश आत बसून दाबपट्टीचा स्क्रू फिरवायचा. आत बोलायची बंदी, कारण श्वासानंही तार थरथरते. हो म्हणायचं असेल, तर पडद्याच्या दांडीवर नखानं एकदा वाजवायचं. प्रकल्पाच्या गाईड उज्वला मॅडमची शिस्तच होती ती.

"योग्या, आहेस ना आत?" तिनं अंधारात चाचपडत खुर्ची ओढली.

टक्.

"मग दे दाब. हळू."

ठिपका लांबला, मधे बारीक झाला, फाटला. चैताली पुढे झुकली. असा कधीच फाटला नव्हता तो.

"अजून थोडं… वा. आज काय खाऊन आलास रे?"

तेवढ्यात फोन थरथरला. मॉनिटरवरची नजर न काढता तिनं तो कानाला लावला.

"चैते, सीबीएस स्टँडला अडकलोय. वडे घेतलेत, गार होतायत. माझे खाऊन घेऊ का?"

योगेशचा आवाज. मागे एसटीचा हॉर्न.

"तू… कुठंयस?"

"बहिरी झालीस का? सीबीएसला म्हटलं ना."

पडद्याआड टक् झालं. तिनं काहीच विचारलं नव्हतं.

पाल चुकचुकली तरी दचकणारी मुलगी ती. तिनं उठून पळायला हवं होतं. पण समोर दोन ठिपके जवळजवळ पुरे झाले होते. मधे फक्त एक फिकट डाग उरला होता. एवढासा. तिला वडिलांचा फोनवरचा खुशीतला आवाज आठवला.

"अजून… थोडं," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला ओळखू आला नाही.

टक्.

डाग गेला.

तिनं रीडिंग सुरू केलं. मॉनिटरच्या तळाशी, किती रीडिंग झालं ते दाखवणारी हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. ती टोकाला पोचेपर्यंत तार हलून चालणार नव्हती. चैताली श्वास रोखून बसली. पडद्याआडही कुणी श्वास घेत नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार वाजलं. योगेश पिशवी हलवत आत आला आणि मॉनिटरपाशी थबकला.

"आयला. झालं की! एकटीनं कसं जमवलंस?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं, पण तोवर त्यानं पडदा सारला होता.

आत कुणी नव्हतं. दाबपट्टी वर उचललेली, तिचा स्क्रू सैल. खाली तार मोकळी, कशालाही न टेकलेली.

"चैताली," तो म्हणाला. एरवी तो तिला पूर्ण नावानं हाक मारत नसे. "हे दाबलंय कशानं?"

"बंद नको करूस… रेघ अजून…"

त्याचा हात लेझरच्या किल्लीवर गेलाच होता. लेझर विझला. आतला लाल उजेड गेला.

मॉनिटरवरचे दोन ठिपके तसेच राहिले.

"चल. चैते, बाहेर चल." योगेश दारात होता. वड्यांची पिशवी त्याच्या पायाशी पडली होती.

चैताली खुर्चीतून हलली नाही. रेघ अजून सरकत होती, थोडीच उरली होती. आणि ते दोन ठिपके अगदी सावकाश तिरपे झाले. समोरच्याला आणखी काय हवंय, ते ऐकायला कुणी मान कलती करावी तसे.