चार बोटं खाली

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. जिच्यावर बेतलं, तिच्याच तोंडून ऐकलंय. आणि भुतं रात्रीच निघतात असं समजणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो...

हे भर दुपारी घडलं. पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये, दारं सताड उघडी असताना.

वर्कशॉप तिच्या सासऱ्याचं. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे माती ओढायला लोखंडी पातं लावतात, ते तिथं बनायचं. नवरा वेल्डिंग करायचा, ती रंगकाम.

ते जड पातं उचलतो हायड्रॉलिक सिलेंडर. इंजिन बंद केलं तरी आतलं तेल त्याला अधांतरी धरून ठेवतं. लिव्हर ओढला की तेल मागे सरतं आणि पातं खाली येतं.

सासरा त्या लिव्हरशी खेळायचा.

मुलगा पात्याखाली उताणा पडून ग्रीस भरायचा. म्हातारा वर सीटवर. मध्येच लिव्हर ओढायचा. पातं चार बोटं खाली यायचं... आणि छातीला टेकायच्या आत थांबायचं.

"घाबरलास का रे?" म्हणून म्हातारा खो खो हसायचा.

पात्याखाली आधाराला ठोकळाही लावू द्यायचा नाही. "ठोकळे भित्र्यांना लागतात," म्हणायचा. चाळिशीतला मुलगा, पण बापापुढे ब्र काढायचा नाही. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एके दिवशी म्हातारा झोपेतच गेला. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. नवऱ्याने पहिलं काम काय केलं, तर एक जाडजूड लाकडी ठोकळा कापला.

त्या दुपारी तो ठोकळा लावूनच खाली शिरला. इंजिन बंद. सीट रिकामी. ती ब्रश धूत होती.

कर्रर्र...

सीटखालची स्प्रिंग. म्हातारा बसला की अशीच वाजायची.

मग तेल सरकल्याचा बारीक सुस्कारा...

पातं चार बोटं खाली आलं. नवरा किंचाळत बाहेर सरपटला.

आणि ठोकळा?

भिंतीला टेकवून ठेवला होता. अगदी नीट.

त्याने सिलेंडरचे सील बदलले. वॉल्व्ह बदलला. शेवटी सिलेंडरच नवा घातला. पुन्हा तेच. जेवताना त्याचा घास हातातून गळायचा. म्हातारा मेला, पण नवरा काही त्याच्या धाकातून सुटेना.

"आज मी जाते खाली," ती म्हणाली. "तुम्ही सीटवर बसा. भरल्या सीटवर कसा येऊन बसतो तेच बघते."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"बसा म्हणते ना!"

तो बसला. दोन्ही हातांनी लिव्हर धरला. तिने स्वतः ठोकळा लावला आणि ग्रीसगन घेऊन खाली शिरली.

"धरलाय ना हो?"

"धरलाय गं. घाबरू नकोस."

एका पिनेत ग्रीस भरून झालं. ती दुसरीकडे वळली...

कर्रर्र.

नवरा तर आधीच बसलेला होता. मग आता कुणाच्या वजनाने वाजली?

तिने मान वळवली. ठोकळा जागेवर नव्हता.

पातं खाली आलं. चार बोटं. लोखंडाचा गारवा छातीला जाणवला. ओरडायला श्वासही घेता येईना.

कुणीतरी खो खो हसलं.

फटीतून तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. एक हात लिव्हरवर, दुसरा पोटावर.

"घाबरलीस का गं?"

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. नवऱ्याचाच होता.

तेव्हापासून स्प्रिंग आपोआप वाजलेली नाही. काम जोरात चाललंय. नवऱ्याला जेवणही व्यवस्थित जातं. त्या दिवसाबद्दल विचारलं तर म्हणतो, "मी कुठे हसलो?"

"सुटलात बाई एकदाच्या म्हाताऱ्याच्या तावडीतून," शेजारीण म्हणते.

ती मान डोलावते.

आता ग्रीस भरायला तो तिलाच खाली पाठवतो. आणि ठोकळा लावू देत नाही.