बाबर सरांची हुकठिणगी

जोयानं खो-खोच्या खांबाशी असा काही सूर मारला, की कुंपणापलीकडच्या भेळवाल्याचाही हात थांबला. अंग पार हवेत, हात पुढे, बोटं ताणलेली! आणि समोरची पोरगी निसटली. नखभर अंतरानं. मैदानावरच्या सगळ्या पोरींनी लगेच खांदे आवळले, कारण आता प्रशिक्षक बाबर सर ओरडणार हे ठरलेलंच. "अगंऽऽ हुकलं की गं! परत ये, परत!" असं, की झाडावरचे पक्षी उडावेत.

सर म्हणाले, "बरं. पुढं."

बास. एवढंच.

जोया गुडघ्याची माती झटकत उभी राहिली. "सर, रागावलात काय?"

"नाही गं. हुकलं तर हुकलं."

कडेला बसलेली ओवी चौगुले हातातल्या पडद्यावरची, सरांच्या मेंदूची रेघ बघत होती. रेघ एकदम सपाट, इस्त्री केल्यासारखी. पहिल्यांदा तिला आनंदच झाला, कारण ही रेघ सपाट व्हावी म्हणून तर तिनं जिवाचं रान केलं होतं. मग तिनं मान वर केली. पोरी एकमेकींकडे बघत होत्या. जोयानं पुढचा सूर मारलाच नाही, नुसती पळत गेली.

आता हे सगळं काय आहे ते सांगायला हवं. ओवी म्हणजे सरांचीच जुनी खेळाडू. खो-खो सुटला, शिकली, आणि मिरजेतल्या एका मेंदू-संशोधन केंद्रात लागली. आणि सर अडकले होते 'तीन आंबे'मध्ये. फोनवरचा जुगार. चक्र फिरतं, पहिला आंबा थांबतो, दुसरा थांबतो, आणि तिसरा केसभर पुढे सरकतो. दरवेळी केसभर! सर सामना चालू असताना उठून स्वच्छतागृहात जाऊन बसायचे, अंगठा चालूच. शेवटी नंदाकाकूंनीच त्यांना हाताला धरून केंद्रात आणलं.

जिंकल्यावर डोक्यात ठिणगी पडते, त्यात नवल नाही. पण ज्यांना जुगार जडलाय, त्यांच्या डोक्यात थोडक्यात हरल्यावरही जवळजवळ तशीच ठिणगी पडते. हरलोय हे कळतं, पण आतून कोणीतरी म्हणतं, "जमलंच होतं! अजून एकदा!" खेळ बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत, म्हणून तर तो तिसरा आंबा तसा सरकतो. केंद्रातले सगळे या ठिणगीला हुकठिणगी म्हणत. आणि त्यांनी बनवली होती कानामागे चिकटवायची पट्टी, टिकलीएवढी. हुकठिणगी पडली रे पडली, की पट्टी बारीकसा विद्युतप्रवाह सोडून ती विझवणार.

पण आधी पट्टीला शिकवायला लागतं, की या माणसाची ठिणगी दिसते कशी. त्यासाठी त्याला जुगार खेळायला बसवायचं. आणि इथं सर अडले. "मैदानाची माती हातात घेऊन शपथ घेतलीय. आता त्या खेळाला बोट लावणार नाही." ऐकेचनात!

तेव्हा ओवी टुणकन उठून म्हणाली होती, "मग खो-खोचे सामने दाखवू की! गडी थोडक्यात सुटला की सरांच्या डोक्यात केवढी ठिणगी पडते, मला विचारा. आम्ही भोगलंय ते!" सगळे हसले. आणि खरंच, सामने बघताना सरांची ठिणगी अशी लख्ख दिसली, की पट्टी एका दुपारीत शिकली. जुगारही सुटला. केंद्रप्रमुख डॉक्टर पळसुले बाईंनी ओवीची पाठ थोपटली.

आता कळलं ना घोळ कुठं झाला? पट्टीला त्यांनी खो-खोचीच ठिणगी विझवायला शिकवलं होतं.

सराव संपल्यावर सर चपला शोधत होते. मैदानात अनवाणी उतरायचं, हा त्यांचा नियम. सगळ्यांना लागू, पाहुण्यांनाही.

"ओवे, मी प्रशिक्षण सोडतोय," ते चपलेत पाय घालत सहज म्हणाले. बाजाराला जातोय म्हणावं, तसं.

"सर! जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेत!"

"पोरींना ओरडणारा माणूस पाहिजे. मला काही वाटतच नाही गं. दुःखबी नाही त्याचं."

"मग पट्टी काढू या का?"

सर पहिल्यांदा दचकले. "नको. काढली की अंगठा परत सुरू होईल. मला ठाऊक आहे मी कसा आहे ते."

गेटाशी नंदाकाकू स्कूटी घेऊन उभ्या होत्या. त्या ओवीला हळूच म्हणाल्या, "जुगार सुटला, तुझे उपकार आहेत बाई. पण काल भाजी करपली, तर म्हणाले छान झालीय. पंचवीस वर्षांत असा अपमान नाही केला माझा."

ओवी तडक केंद्रात गेली. पळसुले बाई पट्ट्यांची पुढची खेप मंजूर करण्याच्या बेतात होत्या.

"बाई, थांबवा. ही पट्टी जुगार नाही बंद करत. धडपडच बंद करते."

"ओवी, ठिणगी एकच आहे. जुगारातली काय नि मैदानातली काय. मेंदूला फरक कळत नाही, तर पट्टीला कसा कळणार?"

"फरक असणारच."

"असणारच म्हणजे? दाखव."

"दाखवते!" म्हणाली खरी. काय दाखवणार, तिलाही माहीत नव्हतं. पण एकदा तोंडातून गेलं म्हणजे गेलं. सरांकडे शिकलेली पोरगी ती, मागं फिरणं तिला जमतच नव्हतं.

तिनं सरांचे जुने व्हिडिओ काढले, पट्टीच्या आधीचे. गडी सुटतोय, सर ओरडतायत. परत गडी सुटतोय, परत ओरडतायत. बघून बघून डोळे चुरचुरायला लागले. आणि मग एका ठिकाणी कॅमेरा खाली घसरला होता, सरांचे नुसते पाय दिसत होते. अनवाणी. गडी सुटला, आणि सरांच्या पायाची बोटं मातीत रुतली! जणू सूर मारायला तेच निघालेत. ओवीनं दुसरा व्हिडिओ लावला. तेच. तिसरा. तेच!

केंद्रात हे कोणालाच दिसलं नव्हतं, कारण डॉक्टरांकडे जायचं म्हणून सर प्रत्येक वेळी बूट घालून आले होते. पॉलिश केलेले!

आता उरलं जुगाराचं. तिथं बोटं हलतात की नाही? पण सरांची शपथ होती. ओवीनं त्यावरही तोड काढली. दुसऱ्या दिवशी मैदानावर, नंदाकाकूंना साक्षीला बसवून, तिनं सरांच्या घोट्याला नि मनगटाला हालचाल टिपणारे पट्टे बांधले. कानामागची पट्टी काढली, आणि तिच्या जागी प्रवाह न सोडणारी, नुसती रेघ दाखवणारी चकती लावली.

"सर, तुम्ही बोट लावायचं नाही. मी खेळते. तुम्ही नुसतं बघा."

"आगीशी खेळतेयस, ओवे."

"तुम्हीच शिकवलंय."

चक्र फिरलं. आंबा. आंबा. आणि तिसरा... सरकला! पडद्यावर सरांची रेघ टोकदार उभी राहिली. त्यांचा अंगठा हवेतच थरथरला. पण पायाची बोटं? गप्प. अजिबात हालचाल नाही.

"काकू, दिसलं!" ओवी ओरडली. "मैदानात हुकलं की शरीर पुढच्या सुराची तयारी करतं. इथं तयारी कसली करणार? करण्यासारखं काहीच नाही. नुसता अंगठा! थांबा, अजून एकदा बघते."

आंबा. आंबा. सरकला.

"अजून एकदा."

आंबा. आंबा. "अगंऽ, जमलंच होतं! एकदाच, सर, शेवटचं..."

एक मोठा खरखरीत हात आला आणि त्यानं फोन काढून घेतला.

"ओवे. बास."

ओवीनं वर बघितलं. सरांचं कपाळ घामानं भिजलं होतं, रेघ अजून टोकावर होती, अंगठाही थरथरत होता. तरी त्यांनी फोन नंदाकाकूंच्या पिशवीत टाकला. ओवीनं खाली स्वतःचे पाय बघितले. मातीत निवांत पडलेले. अंगठा मात्र वाकलेला होता.

पळसुले बाईंनी नोंदी दोनदा तपासल्या आणि पुढची खेप थांबवली. पट्टीला घोट्या-मनगटाच्या पट्ट्यांशी जोडून नव्यानं शिकवलं. पाय हलले, तर ठिणगीला हात लावायचा नाही. नुसता अंगठा हलला, तर विझव. सगळ्यांचे पाय काही सरांसारखे नसतील. कोणाचे खांदे बोलतील, कोणाचा श्वास. प्रत्येक माणसात ते शोधावं लागणार होतं. ओवी म्हणाली, शोधू.

आणि मग जिल्ह्याच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी जोयानं परत तसाच सूर मारला, आणि परत नखभर हुकलं.

"अगंऽऽऽ हुकलं की गं! परत ये, परत!"

पक्षी उडाले. भेळवाला हसला. जोया तर अशी खूश, जणू बक्षीसच मिळालं. नंदाकाकूंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आता घरी जाऊन माझ्या भाजीला नावं ठेवणार बघ."

सराव संपला, तेव्हा सर ओवीजवळ आले आणि कानामागची पट्टी काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"सर? काय करताय?"

"त्या दिवशी तुझ्या हातातला फोन काढून घेतला, तेव्हा ही कुठं होती?"

"पण तेव्हा आम्ही होतो सोबत. एकटे असाल तेव्हा?"

"तेव्हा पाय आहेत की. बोटं गप्प राहिली, की समजायचं हा खोटा खेळ. बघून घेईन."

तेवढ्यात सरांच्या खिशात फोन वाजला. हे जुगारवाले कुठून नंबर शोधतात देव जाणे. सरांनी तो हातभर लांब धरून वाचला आणि ओवीकडे वळवला. 'थोडक्यात हुकलं होतं तुमचं! तिसरा आंबा वाट बघतोय!'

मान खाली घालून त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. ओवीनंही बघितलं. तांबड्या मातीत दहाही बोटं शांत होती.

"झोपलीत," सर म्हणाले, आणि फोन खिशात टाकून पोरींकडे चालू लागले.

ओवीच्या हातातला पडदा कोरा होता. पट्टी तिच्या मुठीत, त्यामुळे सरांच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते सांगणारी रेघच नव्हती. इतके दिवस ती त्या रेघेवर विश्वास ठेवत आली होती. आता नुसती एका माणसाची पाठ होती, मैदानात चालत जाणारी, आणि त्याच्या मातीनं माखलेल्या टाचा. तेवढ्यावर विश्वास ठेवायला शिकवणारी पट्टी कोण बनवणार?