कोल्ह्याच्या वासाचं फूल

ईस्टरच्या सोमवारी सकाळी एनिकोने दार उघडलं, तर अंगणभर कोल्ह्याचा उग्र वास. नाकाला पदरासारखा ॲप्रन लावून ती ट्यूलिपच्या वाफ्याशी गेली. कुंपणापलीकडे शेजारचा बेन्दे उभा होता, हात पाठीमागे लपवून.

दोघं नीट बोलली होती ती एकदाच, गेल्या शरदात. कंद लावता लावता ती वैतागून म्हणाली होती, "दरवर्षी उंदीर फडशा पाडतात. यंदाही खाल्ले, तर आईचं हे घर विकून बहिणीकडे सेगेदला जाईन." तो नुसता हनुवटी खाजवत राहिला होता.

आज एकूण एक ट्यूलिप फुलला होता. आणि मधूनमधून कमरेएवढे दांडे, त्यांना खाली मान घातलेल्या केशरी घंटा, वर हिरवा तुरा.

"हे तुझे उद्योग?"

"हो... राजमुकुट म्हणतात याला. याच्या वासाने उंदीर फिरकत नाहीत."

"राजे अंघोळ करत नव्हते वाटतं."

"खाली बसून आत बघ तरी."

ती बसली आणि तिने मान वर केली. प्रत्येक पाकळीच्या मुळाशी पाण्यासारखा एकेक टपोरा थेंब लटकत होता. तिने दांडा हलकेच हलवला. थेंब थरथरले, पण पडले नाहीत. एनिको श्वास घ्यायला विसरली, वासही विसरली. बर्फाखाली, काळोखात, हे सगळं तयार होत होतं तर... तिचे डोळे भरून आले.

"पडत का नाहीत रे?"

"लहानपणापासून बघतोय. अजून कळलं नाही."

त्याने पाठीमागून झारी काढली. आज ईस्टरच्या रिवाजाने गावभर पोरं मुलींवर पाणी शिंपडणार होती; मुलगी म्हणजे फूल, ते कोमेजू नये म्हणून. बेन्देचे कान लाल झाले होते.

"शिंपडू? पण... सेगेदला जाणार असशील, तर राहू दे."

"शिंपड."

त्याने अख्खी झारीच रिकामी केली. विहिरीचं गार पाणी मानेवरून ओघळलं, त्याच्याही अंगावर उडालं, तशी ती किंचाळून हसली. मग शिंपडणाऱ्याला द्यायचं रंगवलेलं अंडं तिने खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवलं, लाल. आज येणाऱ्या बाकीच्यांसाठी तिने निळी रंगवून ठेवली होती.

"हे आधीच रंगवलं होतंस? कुणासाठी?"

"शरदात आपण बोललो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी बस चुकली होती," एनिको केस पिळत म्हणाली. "घरी परतले, तर तू माझ्या कुंपणावर लटकलेला, तोंडात खुरपं धरून. म्हटलं, काय उगवतंय ते बघूनच जाऊ."

"आणि आता?"

"आता कुठे जाऊ? आत ये, ओला झालायस तूही."