तपासनिसाला न दिसलेलं चित्र

मला जे स्पष्ट दिसत होतं, ते तपासनिसाला दिसतच नव्हतं. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

गोष्ट २०५८ सालची, कऱ्हाडातली. नूतनआजीच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या टेबलावर लाकडी खोक्याचा एक जुना कृष्णधवल टीव्ही चालू होता. आजीने जपून ठेवलेलं शाळेच्या स्नेहसंमेलनाचं चित्रण त्यावर लावलं होतं, आणि त्यात दहा वर्षांचे माझे आजोबा लेझीम खेळत होते. मी जन्मायच्या आधीच ते गेले. फोटोतले आजोबा मला पाठ होते, पण हलणारे, घाम पुसणारे आजोबा मी पहिल्यांदाच पाहत होते.

समोर उभा होता संग्रहालयाचा तपासनीस यंत्रमानव, क्रमांक नऊ. मी त्याला आल्या आल्या नऊभाऊ करून टाकलं होतं. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, “पडदा काळा आहे. त्यावर एक-दोन उजळ रेघा आहेत. चित्र नाही. संच नादुरुस्त.”

“नऊभाऊ, डोळे आहेत की बटणं?” मी म्हणाले.

“डोळे आहेत. उत्तम प्रतीचे,” तो शांतपणे म्हणाला.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत विषारी शिसं असतं, म्हणून आमच्या काळातला नियम कडक आहे. संच चालू असेल तर संग्रहालयात जातो, बंद असेल तर भट्टीत. आणि आजीने या संचापायी अकरा महिने घालवले होते. फुगलेले कपॅसिटर बदलले, उंदरांनी कुरतडलेल्या तारा जोडल्या. तरी चित्र अगदी अंधूक येत होतं, कारण ट्यूबचं ऋणाग्र (नळीच्या मानेतलं, तापलं की इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) थकलं होतं. आजीने ते काही मिनिटं नेहमीपेक्षा थोडं जास्त तापवलं, तेव्हा वरचा मेलेला थर गेला आणि खालचा ताजा भाग उघडा पडून चित्र उजळलं. हा उपाय पुन्हा केला तर ऋणाग्र जळून जाण्याचीच शक्यता जास्त, आणि अशी दुसरी ट्यूब आता मिळायची कुठून?

एरवी आजीच्या तोंडाचा पट्टा कुणाला थांबवता येत नाही. पण नऊभाऊचं बोलणं ऐकून ती नुसती ओढणीने चष्मा पुसत बसली. मला फार वाईट वाटलं.

“मालकाचे म्हणणे व पुरावा जुळत नाही, अशी नोंद करतो,” नऊभाऊ म्हणाला.

“थांब जरा!” मी ओरडले. “आजी, तो खोटं तर बोलणार नाही. मग त्याला नुसती रेघच का दिसते?”

माझी मात्रा बरोबर लागू पडली. आजीने आयुष्यभर प्रयोगशाळेत निर्वात नळ्यांवर (आतली हवा काढून टाकलेल्या नळ्यांवर) काम केलंय. प्रश्न विचारला की ती उपाशीपोटीसुद्धा उत्तर देते.

“कस्तुरी, मागे हात लावायचा नाही, टीव्ही बंद असला तरी. ट्यूबमध्ये वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसतो,” असं बजावून तिने सुरुवात केली. “ऋणाग्रातून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत निघतो. पडद्याला आतून प्रस्फुरक (इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारी भुकटी) फासलेलं असतं. झोत जिथं आदळेल तिथं एक ठिपका उजळतो. झोत जोरात असेल तर ठिपका पांढरा, मंद असेल तर करडा, आणि झोत नसेल तर काळं.”

“एकच ठिपका?”

“एका वेळी एकच. ट्यूबच्या मानेवर तारेची वेटोळी आहेत ना, ती झोताला वळवतात. डावीकडून उजवीकडे एक रेघ, मग तिच्याखाली दुसरी, शेणानं अंगण सारवताना हात फिरतो तशी. एका चित्राच्या सहाशे पंचवीस रेघा. पण खालची रेघ काढेपर्यंत वरची विझलेली असते, बरं का. पडद्यावर अख्खं चित्र कधीच नसतं.”

मी पडद्याकडे पाहिलं. आजोबा तर अख्खे दिसत होते!

“मग मला दिसतंय ते काय आहे?”

“दिवाळीत फुलबाजी गरगर फिरवलीस की हवेत गोल दिसतो. तिथं गोल असतो का?”

“नाही. फुलबाजीचं टोकच असतं.”

“पण ते आधी कुठं होतं, हे डोळा लगेच विसरत नाही. याला दृष्टिसातत्य (पाहिलेलं क्षणभर टिकून राहणं) म्हणतात. हा झोत सेकंदाला पंचवीस चित्रं काढतो. डोळा आणि मेंदू मिळून रेघा जोडतात आणि तुझे आजोबा नाचायला लागतात.”

मी नऊभाऊकडे वळले. “तू सेकंदाला किती वेळा पाहतोस?”

“दहा हजार वेळा. आधीचे दृश्य पुसतो, मगच पुढचे घेतो.”

“पुसतोस? अरे, मग तुला काय दिसणार, कपाळ?”

कागद शोधायलाही मी थांबले नाही, तळहातावरच गणित मांडलं. दहा हजार भागिले पंचवीस, म्हणजे चारशे. टीव्हीचं एक चित्र पुरं होईपर्यंत नऊभाऊ चारशे वेळा पाहत होता, आणि चारशे वेळा पुसत होता! सहाशे पंचवीस रेघांपैकी त्याच्या वाट्याला एका वेळी जेमतेम दीड रेघ येत होती.

“नऊभाऊ, चारशे दृश्यं पुसू नकोस. एकावर एक ठेव आणि मग बघ.”

“पुसलेच पाहिजे असा नियम नाही,” तो थोडा वेळ विचार करून म्हणाला. मग तो पडद्यासमोर वाकला.

“मुले आहेत,” तो म्हणाला. “लेझीम आहे. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा सर्वांच्या उलट दिशेला वळतो आहे.”

“दादा!” आजी हसतही होती आणि रडतही होती. “जन्मभर कधी सरळ वळला नाही तो.”

नऊभाऊने नोंद बदलली आणि संच पास झाला. मी टाळ्या पिटल्या. पण तो जागचा हलला नाही.

“या वर्षी मी असे सतरा संच तपासले,” तो म्हणाला. “सतराही नादुरुस्त ठरवले. चित्र दिसते असे त्या माणसांनीही सांगितले होते. मी लिहिले, म्हणणे व पुरावा जुळत नाही. चौदा संच वितळले.”

आजी त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या धातूच्या दंडावर हात ठेवला. “आणि उरलेले तीन?”

“भट्टीच्या आवारात आहेत. ते वितळवू नयेत असा निरोप मी आता धाडला आहे. सर्व तपासनिसांना चारशेचे गणितही धाडले आहे. उद्या सकाळी त्या तिन्हींची फेरतपासणी करेन.”

“उद्या कशाला?” आजीने चपला पायात सरकवल्या. “कस्तुरी, गोधड्या घे चार-पाच. ट्यूबला धक्का लागता कामा नये.”

आम्ही गाडीत बसलो. वाटेत नऊभाऊने विचारलं, “आजी, ते खरोखरच बंद असले तर?”

“तर दुरुस्त करायचे,” आजी म्हणाली. “एकेकाला अकरा महिने लागतील. मी आहे, ही पोरगी आहे, आणि आता बघणारा तू आहेस.”